घरी शिकणाऱ्या मुलांसाठी संगणकावरचे खेळ: कमी खर्चात काय निवडायचं, कसं बसवायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मुलांना घरीच शिकवणारी कुटुंबं मोजकी आहेत. कुणाची लष्करातली बदली ठरलेली असते, कुणाच्या गावापासून हव्या त्या माध्यमाची शाळा लांब असते, कुणाच्या मुलाला वर्गातला वेग झेपत नाही. अशा घरांतून एक प्रश्न हमखास येतो: संगणकावर शिकता येईल असे चांगले खेळ कुठले, आणि ते परवडणार कसे?

मुलांसाठी मनापासून बनवलेले सगळ्यांत चांगले खेळ बहुतेक फुकटच आहेत. विद्यापीठांनी, शिक्षकांनी आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी ते केलेत आणि त्यात जाहिराती नाहीत. अडचण वेगळीच असते. ते फोनवर आपोआप समोर येत नाहीत, शोधून, उतरवून, तपासून घ्यावे लागतात. ते कसं करायचं हे इथे क्रमाने सांगतो.

आधी मूल कुठे अडतंय ते लिहा

खेळ शोधायला बसण्याआधी वही घ्या. गेल्या आठवड्यात मूल कुठे अडलं, कशाचा कंटाळा केला, काय पुन्हा पुन्हा विचारलं, ते लिहा. नेमकं लिहा. ‘गणित कच्चं’ एवढ्याने भागत नाही. ‘सातचा पाढा म्हणतो, पण सात चोक अठ्ठावीस हे मधूनच विचारलं की थांबतो’ असं लिहिलंत तर कोणता खेळ हवा ते लगेच कळतं. ‘विजेचं सर्किट पुस्तकात वाचलं, डोळ्यांसमोर येत नाही’ असं लिहिलंत तर वेगळा खेळ लागेल.

कुठलं पुस्तक धरून शिकवताय तेही त्याच पानावर लिहा. मराठी माध्यमाची पुस्तकं कर्नाटक शासनाचीही आहेत आणि महाराष्ट्राच्या बालभारतीचीही, आणि बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवता येतात. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून परीक्षा द्यायचा विचार असेल तर त्यांचा अभ्यासक्रम आत्ताच चाळून ठेवा. त्यांच्याकडे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या तीन पातळ्या आहेत, आणि दहावीची परीक्षा मराठीतूनही देता येते. खेळाने या सगळ्याला हात द्यायचा आहे, त्याची जागा घ्यायची नाही.

मशीन: जुनं चालतं, पण बघून घ्या

या खेळांना महागडा लॅपटॉप लागत नाही. ४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (माहिती साठवणारा जास्त वेगवान भाग) असलेलं साधं मशीन पुरतं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे कार्यालयांतून निघालेले धडधाकट लॅपटॉप सेकंड हँड बाजारात येतात. विकत घेताना दुकानातच अर्धा तास बसा. चार्जर काढून बॅटरी किती टिकते ते बघा, कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबा, स्क्रीनची बिजागरी दोनचारदा उघडमीट करा, कानात हेडफोन लावून आवाज येतो का तपासा. लहान मुलाचा खेळ आवाजावर चालतो, त्यामुळे हे शेवटचं विसरू नका. लाईट वारंवार जाते अशा गावात डेस्कटॉप स्वस्त वाटला तरी लॅपटॉपच बरा.

अशा मशीनवर विंडोजऐवजी मी लिनक्स मिंट या संगणक प्रणालीची एक्सएफसीई नावाची आवृत्ती घालायला सांगेन. ती फुकट आहे, हलकी आहे, तिच्यावर अजून सुरक्षा सुधारणा येत राहतात. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून ती आधी नुसती चालवून बघता येते. आवडली तर मग बसवा. तिच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये पुढे सांगितलेले बरेचसे खेळ नाव टाकताच मिळतात. विंडोज ठेवायचंच असेल तरी हरकत नाही, यातले बहुतेक खेळ तिथेही चालतात.

मुलासाठी वेगळं खातं उघडा आणि त्याला प्रशासकाचे अधिकार देऊ नका. नवीन काही बसवायचं तर तुमचा पासवर्ड लागला पाहिजे.

इंटरनेट एकदाच लागेल अशी व्यवस्था

जांबोटी, कणकुंबीकडच्या घरांत पावसाळ्यात नेटच्या भरवशावर अभ्यास ठेवणं अवघड आहे. म्हणून निवडीचा पहिला नियम असा धरा: खेळ एकदा उतरवल्यावर नेटशिवाय चालला पाहिजे. शहरात नातेवाइकांकडे चांगलं वायफाय असेल तर तिथे बसून सगळं एका पेन ड्राइव्हवर घ्या आणि घरी नेऊन बसवा. तुमच्या ग्रामपंचायतीच्या वाचनालयात संगणक आहे का, तेही विचारा.

उतरवताना खेळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. शोधल्यावर वर येणाऱ्या ‘फ्री डाउनलोड’च्या भल्यामोठ्या हिरव्या बटणांना हात लावू नका, त्यांच्यामागे बहुतेकदा भलतंच काही असतं. महागड्या खेळांच्या कुलूप तोडलेल्या प्रती कुणी पेन ड्राइव्हवर देत असेल तर त्याही नकोत. एक तर ते बेकायदा आहे, आणि त्यातून व्हायरस येतात ते वेगळंच.

मुलाच्या हाती देण्याआधी पंधरा मिनिटं स्वतः खेळा

ही पायरी पालक बहुधा गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच आहे. वायफाय बंद करून खेळ सुरू करा. सुरू झाला का? खातं उघडा, ईमेल द्या, फोन नंबर द्या असं म्हणाला का? जाहिरात दिसली का? मग मुद्दाम चुकीचं उत्तर द्या. काही खेळ चुकल्यावर भोंगा वाजवून जीव काढून घेतात. चांगला खेळ पुन्हा बघायला लावतो, किंवा चूक कुठे झाली ते दाखवतो.

मग हे तपासा: यातला अभ्यास काढून टाकला तर खेळ शिल्लक राहतो का? माकड उड्या मारतंय, नाणी गोळा करतंय आणि मध्येच ‘८ + ५ किती?’ असं विचारलं जातंय, अशा खेळात मूल गणित उरकून टाकायला शिकतं, कारण मजा उड्यांत आहे. तराजू तोलण्याच्या खेळात मात्र वजन आणि अंतर यांचा मेळ घालणं हाच खेळ असतो. असे खेळ शोधा.

फोनवरच्या ‘फुकट’ खेळांबद्दल स्पष्टच सांगतो. दर दोन मिनिटांनी जाहिरात आणि प्रत्येक पायरीवर ‘आता खरेदी करा’ असलेला खेळ घरात नको. तोही ज्या फोनवर यूपीआय आहे त्याच फोनवर तर अजिबात नको.

चार ते सात वर्षं: जीकाँप्री आणि टक्स पेंट

एकच गोष्ट बसवायची असेल तर जीकाँप्री बसवा. फ्रान्समध्ये २००० साली सुरू झालेला हा संच आज केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा भाग आहे. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी त्यात शंभराहून जास्त उपक्रम आहेत: माऊस हाताळणं, अक्षरं, मोजणी, घड्याळ, कोडी, बुद्धिबळ. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड, सगळीकडे फुकट. सेटिंगमध्ये भाषा आणि अवघडपणाची पातळी निवडता येते. सुरुवातीला फक्त एक-दोन ताऱ्यांचे उपक्रम दिसतील असं ठेवा, नाहीतर मूल भांबावतं.

त्यातला जलचक्राचा उपक्रम नमुना म्हणून बघा. पडद्यावर समुद्र, डोंगर, नदी आणि घर. टक्स नावाचा पेंग्विन मासेमारीहून होडीतून परत आलाय आणि त्याला आंघोळ करायचीय. जवळजवळ प्रत्येक मूल आधी शॉवरवरच क्लिक करतं. पाणी येत नाही. मग इकडे तिकडे करता करता सूर्यावर क्लिक होतं, सूर्य वर चढतो, समुद्राची वाफ होते, ढग जमतो. ढगावर क्लिक केलं की डोंगरावर पाऊस. पण नुसत्या पावसाने नळाला पाणी येत नाही. पंप चालू करावा लागतो, आणि घाण पाणी शुद्ध करणारं केंद्रही. एवढं झालं की शॉवर सुरू. इथे खेळ थांबवा आणि विचारा, आपल्या नळाला पाणी कुठून येतं? बेळगाव शहरातलं मूल असेल तर राकसकोप आणि हिडकल या धरणांची नावं त्याच्याकडून काढून घ्या, नकाशावर दाखवा, जमलं तर रविवारी राकसकोपला घेऊन जा. विहिरीवर भागणाऱ्या गावात उत्तर वेगळं येईल, आणि ‘मग विहिरीत पाणी कुठून येतं?’ हा प्रश्न मूल आपणहून विचारेल.

टक्स पेंट हा चित्रकलेचा कार्यक्रम २००२ पासून आहे. मोठी बटणं, मजेशीर आवाज, ठसे, आणि ‘जादू’ नावाचा एक भाग ज्यात रेघेचं इंद्रधनुष्य होतं. आपल्याकडच्या घरांना त्याचा एक खास उपयोग आहे: तो मराठी, कन्नड आणि कोकणी तिन्हींत चालतो. त्याबद्दल पुढे.

याच वयात स्क्रॅच ज्युनिअरही देता येतं. त्यात सूचना चित्रांच्या असतात, त्यामुळे वाचता न येणारं मूलही मांजर चालवून गोष्ट रचतं. ते टॅबवर चालतं, अँड्रॉइडवर फुकट मिळतं.

सात ते दहा: पाढे, नकाशे, आकाश

पाढ्यांच्या सरावाला टक्समॅथ. आकाशातून उल्का पडतात, प्रत्येकीवर एक गणित, उत्तर टाइप केलं की उल्का फुटते. वेग आणि पाढा निवडता येतो. आधी ‘म्हणता येतं पण मधूनच येत नाही’ अशा मुलाचं उदाहरण दिलं, त्याच्यासाठी हा नेमका खेळ. देवनागरी अंकांत पाढे शिकलेल्या मुलाला कीबोर्डवरचे अंक एकदा शांतपणे ओळखीचे करून द्या, म्हणजे गणित येत असूनही हरल्यासारखं होणार नाही. घाबरट मुलाला मात्र हा खेळ देऊ नका. वेळेच्या दडपणाखाली काही मुलं येतं तेही विसरतात.

केजिओग्राफीमध्ये भारताच्या नकाशावर राज्यं ओळखायची असतात. दहा मिनिटांचा खेळ, जेवणाआधी पुरतो.

स्टेलेरियम हे संगणकावरचं तारांगण. ठिकाण म्हणून बेळगाव निवडलं की आपल्या अंगणातून आज रात्री दिसणारं आकाश पडद्यावर येतं. खानापूरच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर तारे क्वचितच दिसतात, त्या महिन्यांत हे वरदान आहे. पाऊस उघडला की मात्र संगणक बंद करून बाहेर जा आणि पडद्यावर पाहिलेलं आकाशात शोधा.

बुद्धिबळासाठी लिचेस. हे संकेतस्थळ फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि मराठीत वापरता येतं. शिकवणीच्या भागात एकेक सोंगटी कशी चालते ते तारे गोळा करत समजतं. याला नेट लागतं, ते नसेल तर जीकाँप्रीमधलं बुद्धिबळ आहे.

दहाच्या पुढे: फेट आणि स्क्रॅच

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी फेट प्रकल्प सुरू केला. त्यातल्या विज्ञान-गणिताच्या प्रतिकृती, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग, फुकट आहेत, अनेकांची मराठी आणि कन्नड भाषांतरंही आहेत. भाषांतरांच्या यादीतून मराठी निवडा, हवी ती प्रतिकृती उघडा, उतरवण्याचं बटण दाबा. एकच फाइल येते. ती पेन ड्राइव्हवर घेऊन कुठल्याही संगणकावर ब्राउझरमध्ये उघडते, नेट लागत नाही.

विजेच्या सर्किटची प्रतिकृती आधी घ्या. बॅटरी, तार, बल्ब ओढून आणून जोडायचे. मूल थोड्याच वेळात बॅटरीची दोन्ही टोकं सरळ तारेने जोडतं आणि बॅटरीवर ज्वाळा दिसतात. ते हसेल, पुन्हा पेटवेल. पेटवू द्या. मग विचारा, मध्ये बल्ब असताना का पेटत नाही? घरातल्या खऱ्या बोर्डाला हात का लावायचा नाही हे त्याला त्या दिवशी जितकं पटेल तितकं ओरडून पटणार नाही. याशिवाय अपूर्णांक, तराजू, अणूची रचना, पदार्थाच्या अवस्था यांवरच्या प्रतिकृतीही घेऊन ठेवा.

स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून मूल स्वतःचा खेळ बनवतं. विंडोजवर त्याचं नेटशिवाय चालणारं ॲप मिळतं, लिनक्सवर टर्बोवॉर्प वापरा, ते स्क्रॅचवरूनच दुसऱ्यांनी बनवलेलं आहे.

पहिला प्रकल्प मुलाच्या परिसरातला असू द्या. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत रताळी पिकतात, तर ‘रताळ्यांचा बाजार’ करा. ‘भाव’ आणि ‘किलो’ अशी दोन चलं, म्हणजे बदलता आकडा ठेवायच्या दोन जागा. भाव २० ते ४० मधला कुठलाही, किलो १ ते ५. ‘विचारा आणि थांबा’ या ठोकळ्यात मराठीत प्रश्न: ‘भाव इतका, किलो इतके, पैसे किती?’ उत्तर भाव गुणिले किलो इतकं आलं तर गुण एकाने वाढवा, नाहीतर बरोबर उत्तर दाखवा. एवढं चाललं की मूल ते धाकट्या भावंडाला खेळायला देतं, आणि मग बदल सुचतात. किलोच्या जागी सव्वा, दीड, अडीच घालायचे ठरलं, तर १.२५, १.५, २.५ असं लिहावं लागतं आणि दशांश अपूर्णांकाचा धडा आपोआप सुरू होतो. आजीला तोंडी विचारा, ती तीस रुपये भावाने अडीच किलोचे पंचाहत्तर क्षणात सांगेल. ती ते कसं करते, हे मुलाने तिच्याकडून समजून घेऊन खेळात घालावं. विकतच्या कुठल्याही खेळात हे मिळत नाही.

कन्नडचं काय?

या भागात राहायचं तर मुलाला कन्नड आलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. बाजारात, बसमध्ये, सरकारी कार्यालयात ते रोज लागतं. घरी शिकणाऱ्या मुलाला वर्गातले कन्नड मित्र मिळत नाहीत, म्हणून मुद्दाम सोय करावी लागते.

टक्स पेंटची भाषा त्याच्यासोबत येणाऱ्या सेटिंगच्या कार्यक्रमातून बदलता येते. मराठीत चांगला सराव झाल्यावर आठवड्यातून एक दिवस ते कन्नडमध्ये ठेवा. बटणांच्या जागा त्याच असल्याने मूल अडत नाही आणि ब्रश, रंग, पुसणे यांचे कन्नड शब्द नकळत ओळखीचे होतात. फेटची एकच प्रतिकृती दोन्ही भाषांत उतरवून शेजारी शेजारी उघडा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर चित्रांच्या गोष्टी मराठी, कन्नड दोन्हींत फुकट मिळतात. एकच गोष्ट दोन भाषांत वाचायला घ्या.

टायपिंग शिकवताना इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडा. भारतीय लिप्यांसाठी त्याची मांडणी सारखीच असते: ज्या बटणावर मराठीचा क आहे त्याच बटणावर कन्नडचा क आहे. एकदा बोटं बसली की मूल भाषा बदलून दोन्हींत लिहितं. फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय लागण्याआधीच हे केलेलं चांगलं.

पैसे द्यायचेच असतील तर

वरचं सगळं वापरून झालं आणि तरी एखादा खेळ खरोखर हवा असेल, तर एकदाच पैसे घेणारा निवडा, दरमहा पैसे घेणारा टाळा. महिन्याला थोडेच दिसतात, वर्षाचा हिशोब केला की कळतं. चाचणी फुकट म्हणून कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे जोडलंत तर बंद करायची तारीख लगेच कॅलेंडरवर मांडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते, तो एसएमएस वाचत जा. यूपीआयवरची परवानगी ॲपमधूनच रद्द करता येते.

स्टीम या ऑनलाइन दुकानात संगणकाचे खेळ रुपयांत मिळतात आणि वर्षातून काही वेळा मोठी सूट असते. तिथे घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर परत करता येतो. म्हणजे घेतला की पहिल्या दोन तासांतच नीट तपासा. मात्र स्टीमचं खातं तुमच्या हातात ठेवा, तिथे मुलांसाठी नसलेलंही बरंच असतं.

वेळ आणि नोंद

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेली मर्यादा पाळा: दोन वर्षांखाली पडदा नकोच, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांत दोन तासांपेक्षा कमी. यात टीव्ही आणि फोनही धरायचा. शिकण्याच्या खेळाला दिवसाला अर्धा तास पुरतो, आणि पहिले काही दिवस तुम्ही शेजारी बसायचं.

एक वही ठेवा. तारीख, खेळ, काय समजलं, काय अडलं, दोन ओळींत. टक्स पेंटची चित्रं आणि स्क्रॅचच्या फाइली तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवा. मूल पुढे शाळेत जायचं ठरलं तर शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाला अनुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि त्या वेळी मुलाला काय येतं हे शिक्षकांना दाखवायला ही वही कामाला येते.

सगळं जमल्यावर बसवण्याच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. जीकाँप्री, टक्स पेंट, टक्समॅथ, स्टेलेरियम यांचे परवानेच असे आहेत की कॉपी करून दुसऱ्याला देणं पूर्ण कायदेशीर आहे. ओळखीतल्या चार घरांनी मिळून एक पेन ड्राइव्ह फिरवला तर प्रत्येकाचा डेटा वाचतो. सहा महिन्यांनी ज्याच्याकडे चांगलं नेट आहे त्याने नव्या आवृत्त्या उतरवून द्याव्यात, आणि मुलांनी बनवलेले स्क्रॅचचे खेळही त्याच पेन ड्राइव्हवर या घरातून त्या घरात जाऊ द्यावेत.